बहिणीने दिलेली कुंडी आणि रुसलेला मोगरा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

गॅलरीत ८ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत एक मोगरा आहे. रोपवाटिकेतून आणला त्या वर्षी फुलला, पुढच्या वर्षीही भरभरून फुलला. यंदा मात्र मोजकीच फुलं आली आणि तीही लहान. पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं आणि संध्याकाळपर्यंत शेंडे माना टाकतात. मैत्रिणीच्या मते सगळं दुखणं प्लॅस्टिकचं आहे, मोगऱ्याला मातीचीच कुंडी हवी. याच सुमारास धाकट्या बहिणीने निळ्या झिलईची, चिनी मातीची १६ इंची कुंडी भेट दिली. देखणी आहे, पण तळाला भोक नाही. 'खाली चार बोटं खडी टाक, वर माती घाल आणि लावून मोकळी हो,' असं यजमान म्हणतात. पत्र लिहिणाऱ्या ताईंची भीती वेगळीच आहे. मागे त्यांनी छान फुलणारी बोगनवेल मोठ्या ड्रममध्ये हलवली, तर तिला नुसती पानंच येत राहिली. मोगऱ्याचंही तसंच झालं तर? आणि कुंडी वापरलीच नाही तर बहिणीला काय वाटेल? त्या विचारतात, 'फुलझाडासाठी बरोबर कुंडी कोणती, हे एकदाचं सांगा. आणि नव्या कुंडीत हलवल्यावर कळ्या कधी येतील, तेही.'

सल्ला

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मैत्रिणीचं मत आहे, यजमानांचं आहे, तुमचं स्वतःचंही आहे. तिघांचं लक्ष कुंडीवर खिळलेलं. मोगऱ्याच्या मुळांकडे मात्र अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. म्हणून 'बरोबर कुंडी कोणती' याचं उत्तर थोडं लांबणीवर टाकते. आधी रोप बाहेर काढून बघा.

घाबरू नका, रोपाला काही होत नाही. आदल्या संध्याकाळी पाणी घालून ठेवा. सकाळी कुंडी आडवी करून तिच्या बाजू तळहाताने चहूकडून दाबा, म्हणजे माती सुटेल. खोड बोटांच्या बेचक्यात धरा, कुंडी पालथी करा आणि तिची कड एखाद्या कठड्यावर हलकेच ठोका. मुळांसकट मातीचा गड्डा अख्खा हातात येतो. आता तो नीट न्याहाळा.

तीनपैकी एक काहीतरी दिसेल. पहिली शक्यता अशी, की गड्ड्याला बाहेरून मुळांनी गोल गोल वेढे घातले आहेत, तळाशी मुळांची एक घट्ट चकती झाली आहे, तिच्यावर कुंडीच्या तळाचे कंगोरेसुद्धा उमटले आहेत. बोटाने टोकरलं तरी माती सुटत नाही, कारण सुटायला माती उरलेलीच नाही. असं असेल तर जागा खरोखर संपली आहे. पाणी थांबायला मातीच नाही म्हणून ते सरळ खाली जातं आणि संध्याकाळी शेंडे मान टाकतात.

दुसरी शक्यता: मुळं बेताची आहेत, पण गड्डा वाळून आक्रसला आहे आणि माती व कुंडी यांच्यात बोटभर नसली तरी काडीभर फट पडली आहे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या मिश्रणाचं हे नेहमीचं. एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी चटकन धरत नाही. वरून ओतलेलं पाणी फटीतून खाली पळतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. यावर नवी कुंडी नको, बादली पुरे. कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत कडेपर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबले की बाहेर काढून निथळू द्या. त्यानंतर रोप दोन दिवस ताठ राहिलं, तर तुमचा प्रश्न कुंडीचा नव्हता.

तिसरी शक्यता वाईट. मुळं काळपट, मऊ, ओढली की वरची साल सुटून हातात येते आणि गड्ड्याला कुजका वास आहे. म्हणजे मुळं सडली आहेत. सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं. मग आपण आणखी पाणी घालतो. अशा रोपाला मोठ्या कुंडीत हलवणं म्हणजे उरल्यासुरल्या मुळांनाही बुडवणं. सडकं कापून टाकायचं, वरच्या फांद्याही छाटायच्या आणि उरलेल्या मुळांना बेताची होईल अशी लहान कुंडी द्यायची. हो, मोठी नाही, लहान.

तिन्ही वेळा वरून दिसणारं लक्षण एकच, माना टाकलेले शेंडे. म्हणून पत्रावरून निदान करायला मी कचरते. तरी दोन वर्षं त्याच ८ इंची कुंडीत वाढलेला मोगरा आणि क्षणात खाली येणारं पाणी, यावरून माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. पुढचं सगळं तसं धरूनच लिहिते.

आता फुलांचं. 'फुलं कमी म्हणजे कुंडी चुकली' हे तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने दोघींनी गृहीत धरलं आहे. ते अर्धंच खरं. कुंडी फुलं देत नाही. माती किती वेळ ओली राहणार आणि मुळांना किती हवा मिळणार, एवढंच कुंडीच्या हातात असतं. फुलांसाठी मोगऱ्याला ऊन लागतं, निदान पाच-सहा तास थेट. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला कळ्या धरतो, त्यामुळे छाटणी चुकली तरी फुलं कमी होतात. यंदा गॅलरीवर कशाची नवी सावली पडू लागली आहे का? बहर ओसरल्यावर किंवा नवी पालवी फुटायच्या आधी फांद्या छाटल्या होत्या का? हिरवंगार दिसावं म्हणून युरियासारखं नत्राचं खत दिलं होतं का? यांपैकी एकाचंही उत्तर 'अरेच्चा!' असं आलं, तर कुंडी बदलून फुलं येणार नाहीत. सावलीतला मोगरा कितीही राजेशाही कुंडीत ठेवला तरी सावलीतलाच राहतो.

समजा, ऊन आहे, छाटणी झाली आहे, खतही बेताचं आहे आणि मुळांचे वेढे पडले आहेत. मग कुंडी बदलायची. कितीने मोठी?

बहिणीची कुंडी १६ इंची, तुमची ८ इंची. ऐकताना दुप्पट वाटते. पण कुंडी रुंदीत वाढते तशी खोलीतही वाढते, म्हणून सारख्याच घडणीच्या कुंडीचा व्यास दुप्पट झाला की आतली माती आठपट होते. तुमच्या मोगऱ्याचा गड्डा या कुंडीत ठेवला तर त्याच्याभोवती सात भाग माती अशी असेल, जिच्यात एकही मूळ नाही. झाड पाणी ओढतं ते मुळांच्या आजूबाजूचं. बाकीची माती ओलीच राहते, दिवसचे दिवस. ओल्या मातीत हवा नसते आणि हवेवाचून मुळं गुदमरतात. वरचा थर तेवढा सुकलेला दिसतो, आपण वर बोट लावतो, कोरडं वाटलं म्हणून पुन्हा पाणी घालतो. 'मोठ्या कुंडीत लावलं आणि महिन्याभरात गेलं' अशी जी रोपं असतात, त्यांतली बरीचशी अशीच जातात.

नेहमीचा अंदाज असा, की नवी कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंचांनी रुंद असावी, म्हणजे गड्ड्याभोवती चहूबाजूंनी इंचभर नवी माती येईल. ८ वरून १० इंचावर गेलात तरी माती जवळपास दुप्पट होते. मुळं खूपच दाटली असतील आणि झाड जोमदार असेल, तर मोगऱ्याला थेट १२ इंची द्यायलाही माझी हरकत नाही. त्यात साडेतीनपटीच्या आत राहता आणि पुढची दोन-तीन वर्षं निश्चिंत होता. मात्र पहिले दोन महिने पाणी हात राखून घाला. आणि कुंडी घेताना आतला व्यास मोजा. जाड काठाच्या कुंडीत बाहेरून मोजलेले १२ इंच आत गेल्यावर १० भरतात.

यजमानांच्या खडीबद्दल. हा सल्ला इतक्या घरांत इतक्या विश्वासाने दिला जातो, की त्यांना दोष देववत नाही. खडीमुळे पाणी चटकन निथळेल हे वाटायलाही बरोबर वाटतं. प्रत्यक्षात उलट होतं. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरू देत नाही. वरची माती चिंब झाल्यावरच थेंब खाली पडायला लागतात. कुठल्याही कुंडीत तळाशी मातीचा एक थर निथळल्यानंतरही चिंब राहतोच. खडी घातल्याने तो थर नाहीसा होत नाही, चार बोटं वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

पटत नसेल तर भांडी घासायचा जाडसर स्पंज घ्या. पाण्यात भिजवून ताटलीवर आडवा, सपाट धरा. टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. उंच कुंडीतली माती उथळ कुंडीतल्या मातीपेक्षा चांगली निथळते ती याच कारणाने. म्हणजे खडी घालून तुम्ही चांगल्या उंच कुंडीची उथळ कुंडी करता. भोक असलेल्या कुंडीत हा तोटा तरी मर्यादित असतो. भोकच नसलेल्या कुंडीत मात्र खडीत साचलेलं पाणी जायला वाटच नाही. ते न दिसता सडत राहतं आणि वास आल्यावरच कळतं. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं बस.

मैत्रिणीचं मातीच्या कुंडीचं प्रेम मला समजतं. भाजलेल्या मातीच्या कुंडीला अंगभर बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर वाफ होऊन उडतं आणि त्यामुळे आतली माती थंड राहते. कुंडीवर बाहेरून जे पांढरे डाग उमटतात ते याच वाटेने बाहेर आलेले क्षार. मुळांना हवा मिळते, जास्तीचं पाणी आपोआप कमी होतं. हे सगळं खरं. पण ज्या झाडाचं दुखणंच 'संध्याकाळपर्यंत पाणी पुरत नाही' हे आहे, त्याला त्याच मापाच्या मातीच्या कुंडीत हलवलं तर दुखणं वाढेल. मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा लवकर सुकते. तुम्हाला कडक उन्हात दोन वेळा पाणी घालणं जमणार आहे का?

कुंडी कशाची, हा प्रश्न झाडाइतकाच पाणी घालणाऱ्या हाताचा आहे. दिसलं झाड की घाल पाणी, असा हात असेल तर मातीची कुंडी. ती चुका पोटात घालते. कामावरून उशिरा येणारे, विसरणारे, अधूनमधून गावाला जाणारे यांनी प्लॅस्टिक घ्यावं, ओल टिकते. प्लॅस्टिकचं खरं वैगुण्य वेगळंच आहे. पातळ काळी कुंडी दुपारच्या उन्हात इतकी तापते, की कडेची मुळं भाजून निघतात. शिवाय उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन उचलताना काठ हातात येतो. जाड, फिकट रंगाची कुंडी घेतली तर यातलं बरंचसं टळतं. झिलईची चिनी मातीची कुंडी पाण्याच्या बाबतीत प्लॅस्टिकसारखीच वागते, कारण झिलईतून काही झिरपत नाही. फक्त वजनाने भारी. पत्र्याच्या डब्यांविषयी एकच सांगते, उन्हात नको.

सिमेंटच्या कुंड्या टिकाऊ, वाऱ्याने न पडणाऱ्या, पण नव्या असताना त्यांतून चुना सुटत राहतो. बोगनवेलीला त्याचं काही वाटत नाही. अनंतासारख्या आम्ल माती लागणाऱ्या झाडाची पानं मात्र पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नवी सिमेंटची कुंडी काही दिवस पाण्याने भरून ठेवायची, पाणी बदलत राहायचं, मग लावायचं. कापडी पिशव्या अलीकडे बऱ्याच दिसतात. त्यांत मुळं कडेला आली की हवेने त्यांची टोकं सुकतात आणि वेढे पडत नाहीत, हा मोठा गुण. सुकतात मात्र सगळ्यांच्या आधी. तुमच्या सध्याच्या अडचणीत त्या मी सुचवणार नाही.

आकाराबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं अशी मडक्याच्या घाटाची कुंडी दुकानात सर्वांत सुंदर दिसते. झाड लावताना काही अडत नाही. दोन वर्षांनी बाहेर काढताना कळतं, की गड्डा पोटात रुंद झाला आहे आणि तोंडातून येत नाही. मग एक तर मुळं कापा नाहीतर कुंडी फोडा. ज्या झाडाला पुढेमागे हलवायचं आहे, त्याला वर रुंद आणि खाली किंचित निमुळती, सरळ बाजूंची साधी कुंडी बरी. तुमच्या बहिणीची कुंडी कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. फुगीर असेल तर तिच्यात थेट माती भरायचा विचार तिथेच सोडा.

आता बोगनवेल. तिच्या बाबतीत तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मोगऱ्याला लागू पडत नाही इतकंच. बोगनवेल मुळात कोरड्या, रेताड जमिनीत तग धरणारी. मुळं थोडी कोंडलेली, माती थोडी तहानलेली अशा स्थितीत ती रंग धरते. (रंगीत दिसतात ती खरं तर पानंच, फुलं आत पांढरी, इवलीशी.) मोठा ड्रम, भरपूर माती, रोजचं पाणी आणि त्यात शेणखताचा मारा, मग तिला फुलायची घाई कशाला असेल? ती वाढत सुटते. तिला आता छाटा, पाणी कमी करा, पानं किंचित मलूल व्हायला लागली की मगच पाणी द्या, नत्राचं खत बंद करा. ऊन भरपूर असेल तर ड्रममध्येसुद्धा रंग येईल. लहान कुंडीत परत कोंबायची गरज नाही.

मोगऱ्याचा स्वभाव असा नाही. कळ्या धरलेल्या असताना त्याला पाण्याचा ताण बसला तर कळ्या गळतात, उरतात त्या लहान राहतात. जास्वंद आणि गुलाबाचंही असंच. यांना मुळं पसरायला जागा आणि सारखी ओल हवी, म्हणून गुलाबाला खोलगट, निदान १२ इंची कुंडी देतात. अडेनियम याच्या उलट टोकाला. त्याला रुंद, उथळ, मातीची कुंडी आणि दोन पाण्यांमध्ये सुकण्याची मुभा. झेंडू, पिटुनियासारख्या हंगामी झाडांचं सगळं आयुष्यच काही महिन्यांचं, त्यांना ८ इंची कुंडी पुरते. ऑर्किडला तर माती नकोच, भोकाभोकांची कुंडी आणि कोळसा किंवा झाडाची साल. 'फुलझाडासाठी बरोबर कुंडी' अशी एकच कुंडी नसते, ती या कारणाने. 'मुळं कोंडली की फुलं जास्त' हे वाक्यही कुणी तुम्हाला ऐकवलं तर आधी विचारा, कुठल्या झाडाबद्दल बोलताय?

आणि बहिणीची कुंडी. तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा परिच्छेद तिच्याबद्दल होता, मोगऱ्याबद्दल नव्हे. त्यावरून मला वाटतं, खरी अडचण 'कुंडी वापरली नाही तर बहीण दुखावेल' ही आहे. पण बहिणीने कुंडी दिली, तिच्यात मोगराच लावायचा असं म्हटलं का? पत्रात तरी तसं नाही. ती अट तुम्हीच घातली आहे.

मला तीन वाटा दिसतात. पहिली, भोक पाडणं. जमतं, पण घाईचं काम नाही. हिऱ्याची धार असलेलं गोल बिट लागतं, ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवायचा, कुंडी जाड कापडावर पालथी घालायची, जागेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही. हळू वेग, हलका दाब आणि सतत पाण्याची धार. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. पाण्याशी काम आहे, म्हणून शक्यतो बॅटरीवरचं ड्रिल वापरा. एवढं करूनही कुंडी तडकू शकते. भेट मिळालेल्या वस्तूवर हा जुगार मी खेळणार नाही.

दुसरी वाट, तिला बाहेरची कुंडी करणं. मोगरा साध्या, भोकं असलेल्या १० किंवा १२ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी निळ्या कुंडीच्या आत ठेवा. आत तळाशी विटेचा तुकडा किंवा उलटी ठेवलेली छोटी कुंडी असू द्या, म्हणजे निथळलेल्या पाण्यात मोगऱ्याचे पाय बुडणार नाहीत. खाली साचलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर तिथे डास होतील. या जोडीचा एक फायदाही आहे. बाहेरच्या कुंडीमुळे आतल्या प्लॅस्टिकवर थेट ऊन पडत नाही आणि मुळं थंड राहतात. गॅलरीला छत असेल तर ही व्यवस्था उत्तम. उघड्यावर, पावसात असेल तर एका सरीत निळी कुंडी भरेल. अशा ठिकाणी ही वाट धरू नका.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते. भोक नसणं हा त्या कुंडीचा दोष आहे, असं आपण सगळे धरून चाललो आहोत. पण काही फुलझाडांना भोक नसलेलीच कुंडी लागते. १६ इंची कुंडीत लहान जातीची कुमुदिनी किंवा बुटकं कमळ छान राहतं. तळाशी जड, चिकण मातीचा चार-पाच इंचांचा थर, त्यात कंद, वर पाणी, आणि मच्छरांच्या अळ्या खायला दोन-चार गप्पी मासे. पाच-सहा तासांचं ऊन यांनाही लागतं, ते तुमच्याकडे मोगऱ्यापुरतं असेल तर यांनाही मिळेल. फक्त ही कुंडी जिथे ठेवाल तिथेच भरा. भरल्यावर ती हलणार नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर, १२ इंची कुंडीत साधारण बारा ते पंधरा लिटर मिश्रण मावतं आणि ओलं झालं की कुंडीसकट सहज पंधरा-वीस किलो भरतं. कठड्यावर अशी कुंडी ठेवू नका, खाली जमिनीवर, भिंतीलगत ठेवा. दोन विटांवर टेकवा, म्हणजे भोक फरशीला चिकटून बंद होणार नाही. एवढं वजन नकोच असेल, किंवा जागाच नसेल, तर कुंडी न वाढवताही मार्ग आहे. गड्ड्याच्या बाजूंची अर्धा-एक इंच आणि तळाची चकती धारदार सुरीने कापून काढायची, वरच्या फांद्याही तेवढ्याच प्रमाणात छाटायच्या आणि नवी माती घालून त्याच ८ इंची कुंडीत परत लावायचं. दर दोन वर्षांनी हे केलं तर मोगरा लहान कुंडीतही वर्षानुवर्षं राहतो, पाणी मात्र नेमाने घालावं लागतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कळ्या कधी. सध्या झाडावर कळ्या असतील तर त्या उमलून जाऊ द्या, मगच हलवा. भर कडक उन्हाचे दिवसही टाळा. नवी पालवी फुटायच्या थोडं आधीचा काळ सर्वांत सोयीचा. हलवताना वेढे पडलेली मुळं तशीच आत ठेवली तर ती तशीच गोल फिरत राहतात, नव्या मातीत शिरत नाहीत. म्हणून गड्ड्याला तीन-चार ठिकाणी वरून खाली उभे चिरे द्या आणि तळाची चकती काढून टाका. बाग-माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट किंवा जाडसर वाळू यांचं सारख्या प्रमाणातलं मिश्रण घाला. खोड आधी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. वरच्या काठापासून इंच-दीड इंच जागा रिकामी सोडा, नाहीतर पाणी आत मुरायच्या आधीच बाहेर ओघळतं. मग एकदा खालून वाहेपर्यंत भरपूर पाणी, आठवडाभर सावली आणि पुन्हा हळूहळू ऊन.

पहिले काही आठवडे वर काहीच घडत नाही असं वाटेल. या काळात झाड खाली मुळं करत असतं. खत घालायचा मोह होईल, तो निदान महिनाभर आवरा, कापलेल्या मुळांना ते सोसत नाही. नवे फुटवे दिसायला लागले की खत सुरू करा, पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं, नत्र कमी. फुटवे बोटभर झाले की शेंडे खुडा, म्हणजे एकाच्या जागी दोन फांद्या येतील आणि कळ्यांना तेवढी टोकं मिळतील. हंगाम चालू असेल आणि ऊन पुरेसं असेल, तर खुडल्यानंतरच्या फुटीवर कळ्या धरतील. हंगाम संपत आला असेल तर यंदा आशा धरू नका, पुढच्या बहरावर बघू. आणि महिन्याभराने पुन्हा लिहाल तेव्हा गड्डा बाहेर काढल्यावर तीनपैकी काय दिसलं, ते आधी कळवा.